मिटमप्रॉक्सीचा रिव्ह्यू: एचटीटीपीएसच्या मधे बसून काय काय दिसतं

मोबाइल ॲपच्या टेस्टिंगमधे असाल आणि ॲप सर्व्हरला नक्की काय पाठवतंय हे अजून लॉग चाळून नाहीतर डेव्हलपरच्या मागे लागून शोधत असाल, तर आधी मिटमप्रॉक्सी (ॲप आणि सर्व्हरच्या मधे बसून जाणारं-येणारं सगळं दाखवणारं टूल) टाकून घ्या, रिव्ह्यू नंतर वाचला तरी चालेल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पायथनमधे लिहिलंय, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करते आणि हे टूल जवळपास रोज उघडं असतं, त्यामुळे हा अनबॉक्सिंगवाला रिव्ह्यू नाहीये, यात कौतुक पण आहे आणि कटकट पण आहे. आणि टेस्टिंगशी काही घेणंदेणं नसलं तरी वाचा, कारण आपलं नेटवरचं बोलणं मधेच कोणी कसं ऐकू शकतं आणि ते कशाने थांबतं हे मला शंभर लेख वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं या टूलने शिकवलं.

काम कसं करतं ते आधी सांगते. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद कनेक्शन, असलं की मधल्या कोणाला, म्हणजे वायफायवाल्याला, नेटवाल्याला काही वाचता येत नाही अशी आपली समजूत असते आणि ती बरोबरच आहे, फक्त त्यात एक अट असते, समोरचा खरा आहे की तोतया हे आपल्या मशीनला ओळखता आलं पाहिजे. मिटमप्रॉक्सी बरोबर तिथे घुसतं. ब्राउझर म्हणतो मला अमुक साइटला जोडून दे, हे त्याला जरा थांबवून ठेवतं, स्वतः खऱ्या साइटकडे जातं, तिचं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, बघतं, त्यातली नावं उचलून तिथल्या तिथे एक डुप्लिकेट सर्टिफिकेट तयार करतं, त्यावर स्वतःच्या सीएची (सीए म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी संस्था) सही ठोकतं आणि ब्राउझरपुढे करतं. म्हणजे लग्नाच्या बोलणीत कसं, दोन्ही घरचे एकमेकांशी थेट बोलतच नाहीत, जे काय ते मध्यस्थाशी, आणि कोणाला काय सांगायचं, काय गाळायचं ते तो ठरवतो, तसंच. कुलूप इकडेही असतं, तिकडेही असतं, आणि मधे सगळं उघडं. यात एन्क्रिप्शन कुठेच फोडलेलं नसतं हे महत्त्वाचं, ते फोडायची गरजच पडत नाही.

आता मजा बघा. टूल चालू करा, ब्राउझरला प्रॉक्सी लावा, म्हणजे सगळं या टूलमधून जाऊ द्या (पोर्ट ८०८०), आणि क्रोममधे जीमेल उघडायला जा. नाही उघडणार. तेच ते पान येईल, युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट, खाली बारीक अक्षरात कोड, त्यात ऑथॉरिटी इनव्हॅलिड असं काहीतरी. साध्या साइटला ॲडव्हान्स्डवर क्लिक करून तरीही पुढे जायचा पर्याय मिळतो, जीमेलला तोही मिळत नाही. याचं कारण एचएसटीएस. २००९ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक नावाच्या माणसाने एसएसएलस्ट्रिप म्हणून एक टूल दाखवलं होतं, ते सर्टिफिकेटच्या भानगडीत पडायचंच नाही, पानावरच्या एचटीटीपीएसच्या लिंका साध्या एचटीटीपी करून टाकायचं, आणि युजर बिचारा उघड्यावर पासवर्ड टाइप करायचा, कुठली वॉर्निंग नाही काही नाही. त्यावर उतारा म्हणून २०१२ मधे एचएसटीएसचं स्टँडर्ड आलं, साइट एकदा ब्राउझरला सांगून ठेवते की माझ्याकडे यायचं तर एचटीटीपीएसनेच यायचं आणि सर्टिफिकेट चुकलं तर पुढे जायचंच नाही. पहिल्यांदाच जाताय तर? म्हणून मोठ्या साइटची यादी ब्राउझरमधे आधीच भरून येते. तुमची स्वतःची साइट असेल तर हा एक हेडर टाकायचा असतो, एक ओळ, तरी कित्येक साइटवर अजून नसतो.

तर सांगायचं म्हणजे ते लाल त्रिकोणाचं पान हाच खरा पहारेकरी आहे. हॉटेल नाहीतर स्टेशनच्या वायफायवर लॉगिन पान यायच्या आधी हे पान येतं आणि लोकांना हळूहळू सवय लागते, आलं की पुढे ढकल. तसं करू नका. अशा ठिकाणी नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडायचं, ती साइट मुद्दाम साधी एचटीटीपीवर ठेवलीये, वायफायचं लॉगिन तिच्यावर निमूट येतं, मग बाकीचं उघडा. आणि बँकेच्या साइटला ते पान आलं तर बंद करून मोबाइल डेटावर जा, विषय संपला.

मिटमप्रॉक्सीला हा पहारेकरी ओलांडायचा तर तुम्ही स्वतः आत घ्यावं लागतं. टूल चालू असताना त्याच प्रॉक्सीतून मिटम डॉट आयटी हा पत्ता उघडला की प्रत्येक सिस्टीमसाठी सर्टिफिकेट आणि ते कसं टाकायचं ते मिळतं, हा भाग खरंच छान केलाय. आयफोनला प्रोफाइल टाकून झाल्यावर सेटिंग्जमधे जनरल, मग अबाउट, आणि पार तळाला सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज, तिथलं बटण वेगळं चालू करावं लागतं, नवीन पोरं हमखास इथे अडकतात आणि टूल चालत नाही म्हणून येतात. अँड्रॉइडची कथा निराळी. सर्टिफिकेट टाकता येतं, क्रोम ते मान्य करतो, पण २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बाकीची ॲप्स युजरने टाकलेलं सर्टिफिकेट मानतच नाहीत, ॲप बनवणाऱ्याने तशी परवानगी दिली असेल तरच. आपलंच ॲप असेल तर त्याच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगमधे फक्त डीबग बिल्डपुरती (टेस्टिंगसाठी बनवलेल्या आवृत्तीपुरती) परवानगी द्यायची, हे सगळ्यात स्वच्छ. दुसऱ्याचं ॲप असेल तर रूट असलेला एम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन, ज्यात सिस्टीमच्या फाइलीही बदलता येतात) घ्या आणि सिस्टीमच्या फोल्डरमधे सर्टिफिकेट ढकला, आणि अँड्रॉइड १४ मधे गूगलने ती जागाच हलवली त्यामुळे नेटवरचे जुने उपाय निम्मे बाद झालेत. टेस्टर म्हणून मी यावर गूगलला शिव्या घालते, पण तोच फोन घरी आई वापरते तेव्हा मला हे फार आवडतं.

एकदा का जमलं की मग समोर जे दिसतं ना ते बघण्यासारखं असतं. टर्मिनलवालं मिटमप्रॉक्सी आहे, स्क्रिप्टसाठी मिटमडम्प आहे आणि ज्यांना काळी स्क्रीन बघून घाम फुटतो त्यांच्यासाठी मिटमवेब, ते ब्राउझरमधे ८०८१ पोर्टवर उघडतं. एम्युलेटर नुसता चालू ठेवलाय, हात लावला नाहीये, आणि इकडे ओळी सरकतायत, गेट, पोस्ट, दोनशे, दोनशे चार, कोणत्या पत्त्यावर गेलं, किती केबी. एक साधं तिथी दाखवणारं ॲप उघडलं तर त्याने आधी तीनचार जाहिरातवाल्यांना फोनचं मॉडेल, भाषा, कुठलं नेट वगैरे कळवलं आणि मग सावकाश चतुर्थी कधी ते दाखवलं. एखाद्या ओळीवर एंटर दाबा, रिक्वेस्ट रिस्पॉन्स दोन्ही उलगडून समोर. आर दाबलं की तीच रिक्वेस्ट परत जाते, ई दाबून मधेच बदलता येते, किंमत ४९९ ची ४ करून बघा सर्व्हर पकडतो का. (पकडला नाही तर बिलिंगवाल्याला त्याच दिवशी गाठा.)

आता ज्या गोष्टीसाठी हे टूल मी डोक्यावर घेऊन नाचते ती सांगते. एक लोकल किराणा घरपोच देणारं ॲप आमच्याकडे टेस्टिंगला आलं होतं, नाव सांगणार नाही. फोनवर प्रॉक्सी लावली, सर्टिफिकेट अजून टाकलं नव्हतं, टाकणारच होते, आणि स्क्रीनवर बघते तर लॉगिनची रिक्वेस्ट आलीये, मोबाइल नंबर, ओटीपी, खाली घराचा पत्ता विंग आणि फ्लॅट नंबरसकट. सर्टिफिकेट न टाकता! म्हणजे या ॲपला कोणीही कुठलंही डुप्लिकेट सर्टिफिकेट दाखवा, ते चालवून घेत होतं. कोड उघडून बघितला तर सर्टिफिकेट तपासायचं फंक्शन आहे आणि आत काहीच नाही, रिकामा कंस. त्यांच्या डेव्हलपरला फोन लावला तर म्हणतो, "अगं मॅडम ते स्टेजिंग सर्व्हरला सेल्फ-साइन्ड होतं ना, एरर यायचा, म्हणून तात्पुरतं बंद केलं असणार कोणीतरी." (स्टेजिंग म्हणजे टेस्टिंगपुरता सर्व्हर, सेल्फ-साइन्ड म्हणजे सीएऐवजी स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट.) कोणीतरी म्हणजे कोण ते गिटमधे, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदीत, शोधलं, तर तो मुलगा कधीच दुसरीकडे गेला होता, आणि तात्पुरतं मात्र तिथेच राहिलं होतं.

ही एकट्या त्या ॲपची गोष्ट नाही. २०१२ मधे जर्मनीतल्या संशोधकांनी प्ले स्टोअरवरची १३,५०० लोकप्रिय फुकट ॲप्स तपासली होती, त्यातल्या १,०७४ मधे, म्हणजे आठ टक्क्यांत, असलाच कच्चा कोड सापडला, आणि मग शंभर ॲप्स हाताने तपासली तर ४१ वर हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला. गूगलने पुढे २०१६ पासून असा कोड असलेली ॲप्स प्ले स्टोअरवर अडवायला सुरुवात केली, तरी एपीके (ॲपची फाइल) व्हॉट्सॲपवरून फिरणारी, कंपनीच्या आतली, डिलिव्हरीवाल्यांची वगैरे ॲप्स तिथपर्यंत जातातच कुठे. आणि मोठ्यांचंही होतं बरं का, २०१४ मधे ॲपलच्या कोडमधे गोटू फेल ही एक ओळ चुकून दोनदा पडली आणि पुढची तपासणी सरळ टळायला लागली, आयफोनला घाईघाईने ७.०.६ अपडेट द्यावं लागलं.

त्यामुळे आमच्याकडे आता नियमच केलाय, प्रत्येक बिल्ड आली की आधी सर्टिफिकेट न टाकता मिटमप्रॉक्सीतून जाऊ द्यायची. काही दिसलं तर बिल्ड परत. मग बॅडएसएसएल डॉट कॉम वर मुदत संपलेलं, चुकीच्या नावाचं, सेल्फ-साइन्ड अशी सगळ्या प्रकारची मुद्दाम बिघडवलेली सर्टिफिकेटं ठेवलेली आहेत, ॲपमधल्या वेबव्ह्यूला (ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरला) ती उघडायला लावायची, एकही उघडता कामा नये. नावाची तपासणी लोक फार विसरतात, सही खरी आहे एवढंच बघतात आणि सर्टिफिकेट भलत्याच डोमेनचं असतं. आणि स्टेजिंगला आता सेल्फ-साइन्ड वापरायचं कारणच काय, लेट्स एन्क्रिप्ट नावाची सीए २०१५ पासून खरं सर्टिफिकेट फुकट देतंय.

पिनिंगबद्दल दोन शब्द, कारण मिटमप्रॉक्सीवर बँकेची किंवा यूपीआयची ॲप्स चालवून बघितली की ती नुसती नेटवर्क एरर देऊन बसतात आणि लोकांना वाटतं टूल बिघडलं. पिनिंग म्हणजे ॲपच्या आतच लिहून ठेवलेलं असतं की माझ्या सर्व्हरची चावी हीच, दुसरं कोणी कितीही चांगली सही घेऊन आलं तरी ऐकायचं नाही. पैशाच्या ॲपला ठीक आहे. पण प्रत्येक ॲपला ते लावत सुटू नका, सर्व्हरची चावी बदलली आणि ॲप अपडेट झालं नाही तर सगळे ग्राहक एका रात्रीत बाहेर, राखीव चावी लिहिलेली नसेल तर डोक्याला हात लावून बसायचं. त्यात सर्टिफिकेटांची मुदत आखडत चाललीये, लेट्स एन्क्रिप्टची ९० दिवस आहेच, आणि सगळ्याच सीएंना २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर यायचंय असं ठरलंय.

बरं, मिटमप्रॉक्सीची सही आपण मान्य केली म्हणून चालली. पण हल्लेखोराला खऱ्या सीएचीच सही मिळाली तर? हे झालेलं आहे. २०११ मधे डिजिनोटार नावाच्या डच कंपनीत कोणीतरी घुसलं आणि पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यात गूगलचं पण होतं, आणि इराणमधल्या तीनेक लाख लोकांच्या जीमेलच्या मधे बसायला ते वापरलं गेलं. पकडलं कसं गेलं, तर क्रोममधे गूगलच्या साइटसाठी पिनिंग होतं, इराणमधल्या एका युजरला वॉर्निंग आली आणि त्याने ती गूगलच्या मदतीच्या फोरमवर टाकली. कंपनी महिन्याभरात दिवाळखोरीत गेली. आणि लांब कशाला जायचं, जुलै २०१४ मधे आपल्याच एनआयसीच्या (सरकारी नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या) सीएकडून गूगलच्या डोमेनची बेकायदा सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलला आढळलं. भारताच्या सीसीएखाली (कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज) एनआयसी येत होतं आणि सीसीए मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत होतं, म्हणजे विंडोजवरचे बरेचसे प्रोग्रॅम ती सर्टिफिकेटं खरी मानणार. फायरफॉक्सची यादी स्वतःची, त्यात हे नव्हतं, तो वाचला. सीसीएने एनआयसीची सर्टिफिकेटं लगेच रद्द केली, आणि गूगलने तरीही क्रोममधे सीसीएचा अधिकार जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा ठराविक भारतीय डोमेनपुरता छाटून टाकला.

यातूनच सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी जोरात आली, म्हणजे निघालेली सर्टिफिकेटं जाहीर नोंदवहीत लिहायची पद्धत. ३० एप्रिल २०१८ नंतर निघालेलं सर्टिफिकेट जाहीर नोंदवहीत नसेल तर क्रोम ते मानत नाही. तुमचं डोमेन असेल तर सीआरटी डॉट एसएच वर जाऊन नाव टाका, आजवर त्या नावाने कोणी कोणी सर्टिफिकेटं काढली ती सगळी यादी येते, फुकट, लॉगिन नाही. आमच्या एका क्लायंटला तिथे कधीच बंद केलेल्या सबडोमेनची सर्टिफिकेटं अजून निघताना दिसली, हल्ला नव्हता, जुना सर्व्हर कुठेतरी चालू होता, पण कळलं तरी.

फक्त एक पळवाट आहे आणि ती मिटमप्रॉक्सीमुळे डोळ्यांनी दिसते. मशीनवर कोणी हाताने सीए टाकला असेल तर क्रोम ना पिनिंग बघत ना ती नोंदवही. मुद्दाम तसं ठेवलंय, ऑफिसांचे फायरवॉल त्यावरच चालतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि इश्यूड बाय बघा. तिथे कंपनीचं किंवा फायरवॉलचं नाव असेल तर आयटीवाल्यांना तुमचं सगळं वाचता येतंय, त्यावर घरचं बँकिंग करू नका, एवढं साधं आहे. काही अँटीव्हायरस पण हेच करतात. आणि २०१५ चं सुपरफिश आठवत असेल, लेनोवोच्या लॅपटॉपमधे जाहिराती दाखवायला कंपनीतूनच असला सीए घालून दिला होता, आणि कहर म्हणजे सगळ्या लॅपटॉपवर खाजगी चावी एकच. एका संशोधकाने काही तासांत तिचा पासवर्ड काढला, तो निघाला कोमोडिया, म्हणजे ते इंजिन बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. ती चावी हातात आली की कॅफेत शेजारी बसलेला कोणीही तुमच्या मधे बसू शकत होता. मिटमप्रॉक्सी इथे शहाणं आहे, पहिल्यांदा चालू केलं की प्रत्येक मशीनवर नवीन चावी तयार होते आणि तुमच्याच होम फोल्डरमधे राहते. ते फोल्डर झिप करून टीमच्या ग्रुपवर टाकणारे महाभाग मी बघितलेत. करू नका. २०१९ मधे कझाकस्तानात तर सरकारनेच लोकांना सांगितलं होतं की आमचं सर्टिफिकेट टाका नाहीतर नेट नीट चालणार नाही, शेवटी गूगल मोझिला ॲपल तिघांनी ते ब्राउझरमधे ब्लॉक केलं. म्हणून कोणी कस्टमर केअरवाला, कॉलेजचा वायफायवाला, कोणीही स्वतःच्या फोनमधे सीए सर्टिफिकेट टाका म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

बाकी टूल्सशी तुलना करायची तर बर्प सुट सिक्युरिटी टेस्टिंगला जास्त ताकदवान आहे, पण फुकटवाल्यात प्रोजेक्ट सेव्ह होत नाही आणि पैसेवालं छोट्या कंपनीला परवडत नाही. चार्ल्स दिसायला छान, ट्रायलमधे दर अर्ध्या तासाने बंद पडतं, म्हणजे नेमका बग येतो तेव्हा. मिटमप्रॉक्सीत असलं काही नाही.

तक्रारी आहेत. फ्लटरमधे (गूगलचं ॲप बनवायचं टूलकिट) बनवलेली ॲप्स फोनची प्रॉक्सी सेटिंग ऐकतच नाहीत, स्क्रीन कोरी, नवीन माणूस दिवसभर डोकं आपटतो. त्यावर वायरगार्ड (एक व्हीपीएन) मोड आहे, मिटमवेबमधे क्यूआर येतो, फोनवर वायरगार्ड ॲपने स्कॅन केला की सगळं ट्रॅफिक इकडून, पण ही गोष्ट सुरुवातीच्या पानावर ठळक लिहायला काय हरकत होती? सगळं मेमरीत धरून ठेवतं, त्यामुळे चालू ठेवून जेवायला गेलात आणि मागे व्हिडिओ चालू असेल तर लॅपटॉप रडायला लागतो. फिल्टरची भाषा, टिल्ड लावून डी म्हणजे डोमेन, एम म्हणजे मेथड, बी म्हणजे बॉडी, पाठ होईपर्यंत जीव खाते.

आणि हे फक्त स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या ॲपवर वापरा. हॉस्टेलच्या वायफायवर मित्राची गंमत म्हणून केलंत तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा फ्लटरसाठी कापला. काम झालं की सर्टिफिकेट काढायला विसरू नका, अँड्रॉइडला सेटिंग्जमधे सर्च करून ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स, तिथे युजर टॅब, त्यात मिटमप्रॉक्सी दिसेल, दाबून धरायची गरज नाही, उघडून खाली रिमूव्ह आहे. त्या टॅबमधे तुम्ही न टाकलेलं दुसरं काही दिसलं तर तेही काढा आणि मग ते आलं कुठून ते शोधत बसा.